गैरहजर मुलाचा वाटा

१० फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझं पत्र मिळालं. अकरा प्रश्न मोजले मी. त्यातला एकही माझ्या तब्येतीचा नाही, तेव्हा गुडघा बरा आहे हे न विचारताच सांगून टाकते.

दहा प्रश्नांचा रोख एकच आहे. तुझी लेक दर आठवड्याला चर्चच्या ज्या तरुण संघात जाते, तिथली ही मोठी माणसं कोण? ना शिक्षक, ना नातेवाईक, आणि पगारही नाही. मग पन्नाशीतल्या माणसांना पंधरा वर्षांच्या पोरापोरींत काय काम? तिकडे परदेशात नर्स म्हणून वॉर्डात राबून तू संशयी झालीस असं लिहिणार होते, पण खरं सांगायचं तर मीही आधी हेच विचारलं होतं. आपण दोघी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर, दाराकडे डोळे लावून बसणाऱ्या. पुढच्या बाकांवरची माणसं काय करतात हे आपल्याला कुठे ठाऊक?

म्हणून एकदा न सांगता जाऊन पाहिलं. चर्चच्या मागचा हॉल तुला आठवत असेल. तीस-बत्तीस घडीच्या खुर्च्या, एक पियानो, त्याच्या दोन पट्ट्या मुक्या. मी दारात उभी राहिले तर एक उंच माणूस जमिनीवर पालथा पडून खुर्चीचा स्क्रू पिळत होता. त्याच्या चष्म्याची काडी काळ्या चिकटपट्टीने बांधलेली. चष्म्याच्या दुकानात एकवीस वर्षं काढल्यावर मी माणूस नाकाकानावरून ओळखते. म्हटलं, हा स्वतःकडे बघत नाही.

"कोणाच्या तुम्ही?" त्याने पडल्या पडल्याच विचारलं.

"बिट्टीची मावशी."

"मग या की आत. फक्त ते दार लावू नका. इथे दार उघडंच ठेवतो आम्ही."

हा लिफ्ट दुरुस्त करतो. आठवडाभर लोकांच्या इमारतींत वर-खाली आणि सुट्टीच्या दिवशी इथे. मुलं त्याला 'लिफ्टदादा' म्हणतात. त्याच्या जोडीला एक बाई आहेत, रक्त तपासतात त्या प्रयोगशाळेत पहाटेपासून लोकांच्या दंडात सुया टोचतात. त्यांचं नाव अर्थातच 'सुईमॅडम'. दोघांपैकी एकटं कोणी मुलांबरोबर थांबत नाही, हा नियम. मुलांच्या आधी अर्धा तास यायचं आणि शेवटचं मूल गेल्याशिवाय कुलूप लावायचं नाही, हा दुसरा.

पण मला आवडला तो तिसरा. प्रार्थना, गाणी, शास्त्रपाठ झाला की प्रत्येकाला एक गोड पाव आणि केळं मिळतं. जे मूल आलं नसेल त्याचाही वाटा काढतात. कागदात बांधून वर नाव लिहितात आणि त्याच संध्याकाळी दोघांपैकी कोणीतरी घरी नेऊन देतं. का आला नाहीस, असं विचारायचं नाही. वाटा मुलाच्याच हातात द्यायचा. मूल घरी नसेल तर एक अक्षर न बोलता परत यायचं. मी म्हटलं, एवढ्या पावासाठी तीन जिने चढता? तर सुईमॅडम म्हणाल्या, "पाव कोण बघतंय! आपलं नाव कोणीतरी लिहिलं, हे पोरांना कळायला हवं."

तेव्हा तुझ्या लेकीची काळजी करू नकोस. ती चांगल्या हातांत आहे.

फोनचं म्हणशील तर, मी काय करू? तुझं नाव काढलं की मान फिरवते. तिचे बाबा गेले आणि वर्षाच्या आत तू गेलीस. तीन वर्षं झाली. पोरीच्या मनात राग असणारच, वेळ दे. तू आपला एकाआड एक शनिवारी पाचला फोन करत जा, तेव्हा लाइन बरी लागते. आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो ते सोड.

जूनमध्ये येऊन तिला तिकडे न्यायचं म्हणतेस, ते तिच्या कानावर घातलं का, हा अकरावा प्रश्न. बघते.

तुझी ताई


१६ मार्च

प्रिय धाकटे,

"ताई, तू त्या लोकांच्या प्रेमात पडली आहेस," असं लिहिलंस. पडले. या वयात आणखी कुठे पडणार?

ऐक. संघात एक मुलगा आहे, गाण्यात सगळ्यांत पुढे. एकही शब्द चुकत नाही. पण सुईमॅडमच्या लक्षात आलं की गाणं बारावं असलं तरी याच्या पुस्तकात पान चाळिसावं उघडं असतं. दुसरी कोणी असती तर तिथेच हटकलं असतं. या बाईंनी तीन आठवडे गुपचूप पाहिलं. पोराला अक्षरं दिसतच नव्हती, आणि ते कोणाला कळू नये म्हणून त्याने अख्खं गाण्यांचं पुस्तक पाठ केलं होतं!

मग एके दिवशी आमच्या दुकानात वरात आली. मुलगा, त्याची आजी, सुईमॅडम आणि लिफ्टदादा. एका पोराच्या दोन डोळ्यांसाठी तीन मोठी माणसं. नंबर निघाला अधिक साडेसहा. काचा बसवून मी चष्मा त्याच्या नाकावर ठेवला, तर त्याने पहिल्यांदा बघितलं सुईमॅडमकडे.

"तुम्ही अशा दिसता होय?"

"का रे, निराश झालास?"

"थोडासा."

बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. आजी मात्र रडत होती. "माझ्याच घरात वाढतोय हो, आणि मला कळलं नाही," म्हणत होती. लिफ्टदादाने तिला सांगितलं, "आजी, रोज बघणाऱ्याला दिसत नाही. आम्ही आठवड्यातून एकदा बघतो, म्हणून दिसलं." किती सहज त्या म्हातारीची लाज झाकली बघ.

त्याच वेळी त्याच्या चष्म्याची ती बांधलेली काडीही मी बदलून टाकली. काम करता करता विचारलं, "तुम्हाला यातून मिळतं काय?"

"सुट्टीची झोप जाते, ते नक्की," तो म्हणाला. मग सांगू लागला. तो सोळा वर्षांचा असताना घर सोडून पळायच्या बेतात होता. तेव्हा त्याच्या चर्चमध्ये एक सुतार होता, मुलांना घेऊन बसायचा. "त्याचं एकही प्रवचन मला आठवत नाही. बोलायचाही अडखळत. पण तो यायचा. दर वेळी यायचा. मी नसलो तरी तो तिथे असणार, हे मला माहीत होतं. तेवढ्यावर मी राहिलो."

धाकटे, मला या माणसांचा हेवा वाटतो. देवाबद्दल फार बोलत नाहीत, पण देवाने सांगितलेलं काम मात्र पाट्या टाकल्यासारखं उरकत नाहीत. मुलांच्या परीक्षेच्या तारखा त्यांना पाठ, कोणाच्या घरी आजारपण आहे ते ठाऊक. चुकलेल्या मुलाला झापतातही, पण सगळ्यांसमोर नाही.

मलाही बोलावलं, मदतीला या म्हणून. मी गुडघा पुढे केला. ती वेळ मला मोकळी नसते.

बिट्टी बरी आहे. नाही, अजून फोनवर यायला तयार नाही. तू दुसऱ्या पाकिटात तिच्यासाठी घातलेली चिठ्ठी मिळाली.

तुझी ताई


२० एप्रिल

प्रिय धाकटे,

शनिवारी तुझा फोन मी लवकर ठेवला म्हणून तू रागावली असशील. त्यानंतर जे झालं ते वाच.

साडेसहाला बेल वाजली. दारात लिफ्टदादा, हातात कागदाची पुडी, वर 'बिट्टी' लिहिलेलं. मला बघून हसला आणि बोलून गेला, "आज आली नाही ना, तिचा वाटा घेऊन आलो."

मी म्हटलं, "आली नाही म्हणजे? साडेतीनला घरातून निघाली, तुमच्याकडेच."

त्याचा चेहरा असा उतरला की मला माझी काळजी विसरून त्याची दया आली. मूल घरी नसेल तर गप्प परत फिरायचं, हा त्याचाच नियम. तीन जिने चढून धाप लागली होती, सवयीने बोलून गेला. एका पावाच्या पुडीने पोरीचं बिंग फुटलं.

तो परत गेला नाही. "ती येईपर्यंत थांबतो, बाहेर जिन्यावर," म्हणाला. आणि आमच्याच फोनवरून सुईमॅडमना बोलावून घेतलं. पावणेसातला बिट्टी वर आली, गाणं गुणगुणत. त्याला पाहिलं आणि पायरीवरच थांबली.

"तुम्ही माझ्यावर पाळत ठेवता?"

माझ्या तोंडात शिव्यांची लाखोली तयार होती. लिफ्टदादाने हातानेच मला थांबवलं आणि स्वतः उभा राहिला. सहा फुटी माणूस, पंधरा वर्षांच्या पोरीसमोर मान खाली घालून.

"चूक माझी आहे. वाटा तुझ्या हातात द्यायचा होता. मी मावशींना सांगायला नको होतं. कारण देत नाही, माफी मागतो."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मोठ्या माणसाने तिची माफी मागितली, असं कधी झालं असेल तर सांग मला. आपल्या घरात तरी नाही.

"आता विचारा, कुठे होते म्हणून."

"मी नाही विचारणार. तो हक्क मी आत्ताच घालवला."

तेव्हा सुईमॅडम पोहोचल्या होत्या, पहाटेपासूनचा तोच पांढरा कोट अंगात. त्या पायरीवर बसल्या. "मी मात्र दोनच गोष्टी विचारणार. जिथे होतीस तिथे तुला कोणी त्रास दिला? कोणी बोलावलं होतं?"

"नाही. कोणीच नव्हतं तिथे."

"बरं. मग बाकीचं तुला वाटेल तेव्हा. पण मावशींपासून लपवून ठेवायला आम्ही मदत करणार नाही, एवढं आधीच सांगते. सांगायचं असेल तर आम्ही शेजारी बसू."

मी आत गेले. चहा ठेवला, उतू गेला, पुसला. अर्ध्या तासाने तिघं आत आली. दार उघडंच ठेवलं. बिट्टीने सांगितलं.

ती तुझ्या जुन्या हॉस्पिटलात जाते, धाकटे. गेले तीन शनिवार. आधीच्या दोन्ही वेळी वाटा तिला खाली फाटकातच मिळाला होता. खाली तपासणीसाठी लोक थांबतात तिथे कोपऱ्यातल्या बाकावर बसते. कोणी काही विचारत नाही, सगळ्यांना वाटतं कोणाबरोबर तरी आलीये. तिथून नर्स जातात-येतात. "त्यांच्या बुटांचा आवाज आईच्या बुटांसारखाच येतो," म्हणाली. "आणि वासही."

त्या दोघांनी एवढंच विचारलं की पुढच्या वेळी जावंसं वाटलं तर संघ सुटल्यावर दोघांनी बरोबर यायचं का. बिट्टी म्हणाली, "तुम्ही बोलणार नसाल तर." बाई म्हणाल्या, "मी दिवसभर बोलून दमलेलीच असते."

ती माणसं गेल्यावर मी दारात लिफ्टदादाला गाठलं. म्हटलं, तुम्ही तिला एवढं सैल सोडलंत, मी असते तर खडसावून काढून घेतलं असतं. तो म्हणाला, "मावशी, लिफ्टमध्ये माणूस अडकला की लोक आधी दार ओढतात. त्यानेच अपघात होतो. आम्ही बाहेरून बोलत राहतो, मी इथे आहे म्हणून. दार नंतर."

आज एवढंच.

ताई


४ मे

धाकटे,

मागच्या पत्रात बिट्टीचं एक वाक्य मी लिहिलं नाही. बाकावर का जाऊन बसतेस, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "आई आता फोन करत नाही ना. ऑक्टोबरपासून एकदाही केला नाही. मग काय करू?"

त्या दोघांसमोर म्हणाली. आणि मी चहाचे कप गोळा केले.

संघ शनिवारी असतो. चार ते सहा. तू हुशार आहेस, मागच्या पत्रावरून तुझ्या लक्षात आलंच असेल. पाचची वेळ लाइनसाठी नव्हती. त्या वेळी ती घरात नसते म्हणून होती. तू विचारायचीस, मी सांगायचे, ती येत नाही म्हणते. ती विचारायची, मी सांगायचे, आईला तिकडे कामाचा ताण आहे. तिने कधी मान फिरवली नाही. मीच तुझं नाव तिच्यासमोर काढत नव्हते. तू तिच्यासाठी घातलेल्या दोन्ही चिठ्ठ्या माझ्या दुकानाच्या खणात, जुन्या फ्रेमांखाली होत्या. जूनचं तर मी तिला सांगितलंच नव्हतं.

का केलं ते सांगते, पण त्याने काही हलकं होत नाही. तू निघालीस त्या दिवशी मी तुला म्हटलं, पोरीला टाकून चाललीस. खरं तर मनातून मला आनंद झाला होता. माझ्या घरात संध्याकाळी कोणीतरी 'मावशी' म्हणून हाक मारणार होतं. मग सप्टेंबरात तू पहिल्यांदा लिहिलंस की तिला न्यायचं आहे, आणि मला सकाळ-संध्याकाळ तेच दिसायला लागलं, तिची रिकामी खोली. मी तुम्हा मायलेकींना तोडायला बसले, आणि त्यासाठी त्या भल्या माणसांचे दोन तास वापरले. ती माणसं मुलांना जोडत होती आणि मी त्यांच्याच आडोशाला बसून हे करत होते. तुला लिहिलेलं त्यांचं सगळं कौतुक खरं आहे. पण ते लिहिताना मला बरं वाटायचं, कारण तेवढा वेळ माझ्याबद्दल लिहावं लागायचं नाही.

नऊ दिवस मी काढले. मग लिफ्टदादा काम करत होता त्या इमारतीच्या गच्चीवर गेले. यंत्राच्या खोलीत तो ग्रीसने माखलेला. सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल, नाहीतर धीर देईल. त्याने चिंधीला हात पुसले आणि म्हणाला, "हे मला सांगून काय उपयोग? ज्यांचं आहे त्यांना सांगा."

"आधी कोणाला?"

"जी तुमच्या घरात राहते तिला."

मी विचारलं, तुम्ही याल का बरोबर? बिट्टीच्या वेळी आला होतात. तो म्हणाला, "ती मूल आहे, तुम्ही नाही." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "आम्ही दोघं प्रार्थना करू. वेळ सांगून ठेवा." मी गुरुवार, सकाळी आठ, असं सांगितलं. त्यांनी खरंच आठला केली असणार, त्यात मला शंका नाही.

गुरुवारी मी बिट्टीसमोर बसले आणि लिफ्टदादाने केलं तसंच केलं. कारण आधी दिलं नाही. चूक माझी, एवढं आधी म्हटलं. चिठ्ठ्या समोर ठेवल्या. जूनचंही सांगितलं.

ती रडली नाही. विचारलं, "किती वेळा केला आईने फोन?"

"चौदा वेळा."

"काय काय बोलली?"

तिने मला चौदाही फोन सांगायला लावले. एकेक. आणि मला ते सगळे आठवत होते, धाकटे. खोटं बोलणाऱ्याची आठवण पक्की असते बघ. डिसेंबरात तू तिच्या खोकल्याचं विचारलंस ते, तुला ताप होता आणि तरी केलास ते, एकदा नुसतीच रडलीस ते. अकराव्या फोनला बिट्टी उठून खिडकीशी गेली आणि म्हणाली, "पुढचा सांग." सांगितला. दुकानात त्या दिवशी मी गेलेच नाही.

दोन तारखेला, शनिवारी, पाचला तुझा फोन वाजला. तुला वाटलं असेल घरात कोणी नाही. आम्ही दोघीही होतो. बिट्टी फोनच्या शेजारी बसली होती, हात मांडीवर घट्ट धरून. मी म्हटलं, उचल ना गं. ती म्हणाली, "तिला अजून काही माहीत नाही. मी आत्ता बोलले तर मला तुझं खोटं झाकावं लागेल, नाहीतर मीच ते सांगायचं. दोन्ही मी करणार नाही. आधी तू तिला लिही. सगळं." वाजून वाजून तो थांबला, तेव्हा मात्र रडली. मला जवळ येऊ दिलं नाही.

माझ्याशी कामापुरतंच बोलते. तो तिचा हक्क आहे.

त्या दोघांचंही सांगते. मी जाऊन म्हटलं, आता माझे शनिवार मोकळे आहेत, मला मदतीला घ्या. सुईमॅडमनी माझा हात हातात घेतला आणि सरळ सांगितलं, "आत्ता नाही. मुलांशी खोटं बोललेल्या माणसाला आम्ही लगेच मुलांमध्ये बसवत नाही. वर्षभर या, खुर्च्या मांडा, वाटे बांधा. मग बोलू." मला राग यायला हवा होता. उलट वाटलं, या माणसांच्या हाती मुलं खरंच सुरक्षित आहेत. माझ्यापासूनसुद्धा. परवा पहिल्यांदा गेले. साडेतीनला एकतीस खुर्च्या मांडल्या, मग हॉलच्या बाहेर बाकावर बसून पहिली गाणी ऐकली आणि तुझ्या फोनच्या आधी घरी परतले. तो चष्मेवाला मुलगा आता पान बरोबर उघडतो, आणि म्हणून शब्द चुकतो.

आता ऐक, कामाचं. पत्र तुझ्या हातात पडायला आठ-नऊ दिवस लागतील. मी सांगितलेली फोनची वेळ आता विसर. काल दुपारी लिफ्टदादा आणि सुईमॅडम आले आणि बिट्टीने सांगितलं तशी वायर वाढवून फोन तिच्या खोलीत, तिच्या उशाशी नेऊन बसवला. मी शिडी धरली होती. तुझ्या सवडीने, कुठल्याही वारी, कुठल्याही वेळी कर, तीच उचलेल. ती माझ्याबद्दल जे सांगेल ते खरं आहे, मला सांभाळून घ्यायला जाऊ नकोस. जूनमध्ये तुझ्याबरोबर यायचं तिने ठरवलं तर तिची बॅग मी भरेन. नाही ठरवलं तर तेही तुला तिच्याच तोंडून कळेल, माझ्या नाही.

फोन वाजला की भिंतीपलीकडे मला ऐकू येतो. मी उठणार नाही.

तुझी मोठी बहीण
(ताई म्हणायचं की नाही, ते तू ठरव.)